शंका-समाधान : कमी आहार आणि उंदरांचे आयुष्य

प्रश्न : आहार 40 टक्क्यांनी घटवला की उंदीर जास्त जगतात, असे वाचले. ही कपात नेमकी कशी करतात? जीवनसत्त्वे कमी पडत नाहीत का?

उत्तर : कपात उष्मांकांत करायची असते, पोषणात नाही. क्लाइव्ह मॅके यांनी 1935मध्ये कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातही जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे ठेवले होते. ही काळजी घेतली नाही, तर आपण तपासतो ते कुपोषणच.

आधी भरपेट खाणाऱ्या गटाचे रोजचे खाणे मोजतात. ते 4 ग्रॅम भरले, तर कपातीच्या गटाला 2.4 ग्रॅम. तेवढ्यातच जीवनसत्त्वे आणि क्षार पूर्ण मिळावेत म्हणून खाद्यातले त्यांचे प्रमाण सुमारे 1.67 पट करावे लागते. कपातही एकदम करत नाहीत. 10, मग 25, मग 40 टक्के अशा टप्प्यांनी नेतात. एका पिंजऱ्यात अनेक उंदीर असले की दांडगा उंदीर दुसऱ्याचा वाटा खातो, म्हणून शक्यतो प्रत्येकाला वेगळे ठेवतात.

सगळ्यात जास्त घोटाळा मोजणीत होतो. खाद्याच्या गोळ्यांचा चुरा जाळीतून खाली पडतो. तो वजा केला नाही, तर भरपेट गटाचे खाणे फुगून दिसते आणि प्रत्यक्षातली कपात कागदावरच्यापेक्षा कमी राहते. शुक्रवारी तीन दिवसांचे खाद्य एकदम टाकले, तर भुकेला उंदीर ते लवकर संपवतो आणि त्याला पुढे नकळत उपास घडतो. एरवीही तो दिवसाचा वाटा थोड्याच तासांत फस्त करतो. त्यामुळे परिणाम कमी उष्मांकांचा की लांबलेल्या उपासाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते. 2022च्या एका प्रयोगात 30 टक्के कपात करून खाद्य दिवसरात्र विभागून दिले, तेव्हा नर उंदरांचे आयुष्य सुमारे 10 टक्क्यांनी वाढले. तेच खाद्य फक्त रात्री, म्हणजे त्यांच्या हालचालीच्या वेळी दिल्यावर सुमारे 35 टक्क्यांनी.

प्रश्न : ऱ्हीसस माकडांवरच्या दोन अमेरिकी प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी का आले?

उत्तर : तुलनेच्या गटाकडे पाहा. विस्कॉन्सिनमध्ये तो गट हवे तेवढे खात होता आणि त्या खाद्यात साखर सुमारे 28 टक्के होती. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत साखर 4 टक्क्यांच्या आसपास होती आणि तुलनेच्या माकडांनाही मापूनच खाद्य मिळे. आधीच बेताने खाणाऱ्यांशी तुलना केली, तर कपातीचा फायदा उठून दिसणार कसा? संस्थेच्या 2012च्या निकालात आयुष्य वाढलेले दिसले नाही, यात आम्हाला विरोधाभास वाटत नाही.

प्रश्न : सगळ्याच उंदरांना फायदा होतो का?

उत्तर : नाही. 2010मध्ये 41 वाणांवर 40 टक्के कपात करून पाहिली, तर आयुष्य वाढलेल्या वाणांपेक्षा घटलेले वाण जास्त निघाले. 2024मध्ये 960 माद्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कपात असूनही ज्यांनी वजन टिकवले, त्या जास्त जगल्या. त्यामुळे सर्वाधिक वजन घटलेला उंदीर म्हणजे प्रयोग उत्तम चालल्याची खूण, असे मानू नये.