कॅलालू म्हणजे माठ की अळू?

प्रश्न असा आलाय की कॅलालू या कॅरिबियन पालेभाजीच्या दोन रेसिपी बघितल्या, एक जमैकाची, एक त्रिनिदादची, आणि दोन्हीत पालाच वेगळा दिसतोय, मग चुकतंय कोण? कुणीच नाही. जमैकातलं कॅलालू म्हणजे आपला माठ, तांदुळजा-राजगिऱ्याच्या घराण्यातला, आणि त्रिनिदादचं कॅलालू होतं अळूच्या पानांचं.

जमैकात हे पाल्याचंच नाव, बाजारात जुडी मागतानाही कॅलालूच म्हणायचं, मग कांदा टोमॅटो मिरचीवर परतून खारवलेल्या माशाबरोबर नाश्त्याला खातात. त्रिनिदादला मात्र नाव बसलंय शिजलेल्या पदार्थावर. तिथे अळू म्हणजे डशीन, पानं म्हणजे डशीन बुश, त्यात भेंडी, नारळाचं दूध, बऱ्याचदा खेकडा पण, आणि शिजलं की आपल्या रवीसारख्या लाकडी काठीने घोटून सगळं एकजीव करायचं. मी टोरांटोत पहिल्यांदा खाल्लं तेव्हा थेट अळूचं फतफतंच आठवलं, चिंचगुळाच्या जागी नारळाचं दूध एवढाच काय तो फरक.

मग त्रिनिदादवाले माठाला काय म्हणतात? तर चोराई भाजी! 1845 ते 1917 या काळात ऊसमळ्यांवर जे भारतीय मजूर नेले ते बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, त्यांची ही चौराई, म्हणजे आपली चवळई. म्हणजे माठाला स्वतःचं नाव आधीच मिळालेलं होतं. आणि अळूची पानं डाळीचं वाटण लावून गुंडाळून तळतात त्याला सहीना म्हणतात, सख्खी अळूवडी. इतक्या लांब जाऊनही आपल्या ओळखीचं पान आणि ओळखीची कृती भेटते याचा मला प्रत्येक वेळी खूप आनंद होतो.

पण गुंता इथेच संपत नाही. ग्रेनेडात कच्च्या अळूच्या पानांनाच कॅलालू म्हणतात, आणि हैतीत कालालू म्हणजे चक्क भेंडी! ब्राझीलमध्ये कारुरू आहे, ते माठाचंही नाव आणि तिथल्या बाहिया राज्यात भेंडीच्या पदार्थाचंही. शब्दाचं मूळ आफ्रिकेतलं की ब्राझीलच्या तुपी भाषेतलं यावर वाद आहे, पण मला वाटतं पाला आणि भेंडी एकत्र शिजवलेला पदार्थ आधी असावा आणि मग ज्या त्या बेटाने त्यातलं एकेक उचलून त्याला ते नाव चिकटवलं असावं.

एक मात्र सांभाळा, जमैकाची रेसिपी बघून तिच्यात अळू घालू नका. माठ दहा मिनिटांत होतो, अळू तेवढ्यात उतरवलं तर घसा खाजलाच म्हणून समजा, ते पूर्ण शिजून गाळ व्हायला पाहिजे. साहित्यात भेंडी आणि नारळाचं दूध दिसलं तर अळू आणा, नुसतं परतायला सांगितलं असेल तर माठ.