कोकणातल्या आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था सिंधुदुर्गात २५ आशाताई आणि काही आरोग्यसेवकांसाठी शिबिर घेणार आहे, पुण्याहून डॉक्टर येणार आहेत आणि १४ विषयांची यादी तयार आहे. मी याच जिल्ह्यात आधी आरोग्यसेविका आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून ३१ वर्षं काम केलं. शिबिरं ऐकली, घेतली, आणि त्यानंतर गावात काय उरतं तेही पाहिलं. म्हणून सविस्तर लिहिते.

१४ पैकी ४ विषय ठेवा. आणि पहिल्या सकाळी एकच गोष्ट घ्या: घरातलं माणूस ‘नको’ म्हणालं, किंवा नुसतं तोंडदेखलं ‘हो’ म्हणालं, की पुढे काय बोलायचं. आजारांची माहिती ताईंना बऱ्यापैकी असते. त्या अडतात ओटीवर.

लेप्टोचंच, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळ्यातल्या तापाचंच घ्या. उंदराच्या, गुरांच्या लघवीतून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि लावणी करणाऱ्यांच्या पायाच्या चिरांतून अंगात शिरतात, हे आमच्याकडे आता शाळेतली पोरंही सांगतात. चिखलात उतरणाऱ्यांना पावसाळ्यात आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लीन देतात, मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालचं मूल यांना नाही. एका वर्षी आमच्या एका वाडीत रजिस्टरप्रमाणे सगळ्यांना गोळ्या पोचल्या होत्या, तरी तिथला एक तरुण शेतकरी तापाने आणि पोटऱ्यांच्या दुखण्याने दवाखान्यात दाखल झाला. डोळे लाल, लघवी कमी झालेली. तो वाचला. पण मी दुसऱ्या दिवशी त्या वाडीच्या आशाताईंबरोबर घरोघर निघाले.

तिसऱ्या घरात एक आजी होत्या. सत्तरीच्या, पण लावणीला सगळ्यांच्या पुढे. ताईंनी विचारलं, “गोळी घेतलास मा?” आजी म्हणाल्या, “घेतलंय गे.” ताईंनी रजिस्टरात खूण केली आणि उठल्या. मी बसून राहिले. पाऊस लागला होता, आजींनी चहा टाकला. चहा पिता पिता मी विचारलं, “गोळी कधी खाता, सकाळी की रात्री?” आजी गप्प झाल्या. मग उठून फडताळातून एक पत्र्याची डबी काढली. आत तीन आठवड्यांच्या सहाच्या सहा गोळ्या, फडक्यात नीट बांधलेल्या. म्हणाल्या, “पयल्या वर्साक खाल्लंय, तर पोटात जळजळ जळजळ झाला.”

कारण अगदी साधं होतं. आजी पहाटे कोरा चहा घेऊन शेतात जायच्या, त्याच चहाच्या घोटाबरोबर गोळी, आणि लगेच कमरेत वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला सुरुवात. पेज यायची दहा वाजता. ही गोळी रिकाम्या पोटी, कमी पाण्याबरोबर घेतली की अन्ननलिकेत आणि पोटात जळजळ होणारच. ‘पेजेनंतर खा, तांब्याभर पाणी प्या, लगेच आडवं पडू नका’ एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या प्रशिक्षणात ‘जेवणानंतर’ असं लिहिलं होतं. आता पेज म्हणजे जेवण का? शिबिरात ताईंना मीच विचारलं, तर निम्म्या हो म्हणाल्या आणि निम्म्या नाही.

त्यानंतर आम्ही प्रश्न बदलला. ‘घेतली का?’ हा प्रश्न काढून टाकला, कारण दारात आलेल्या बाईला नाही म्हणून दुखवणं आमच्याकडच्या माणसाला जमत नाही. त्याऐवजी ‘कधी खाल्ली, कशाबरोबर?’ आणि ‘पाकीट दाखवा बघू’. वारही वाडीला विचारून ठरवला. सोमवार नको, कारण निम्म्या बायका उपाशी. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरला, तो सगळ्यांच्या लक्षात राहतो.

शिबिरात हे कसं करायचं? प्रत्येक ताईला तिच्या वाडीत खरोखर ऐकलेली तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहायला सांगा, आहेत तशी, मालवणीत. ‘उंदीर काय आजचे आसत?’ ‘सरकारी गोळी ती.’ ‘मुंबैच्या मुलाक विचारून सांगतंय.’ मग दोघी-दोघी समोरासमोर बसवा, एक आजी, एक आशा. आजीचं काम ताई असं हुबेहूब करतात की खोलीत हशा पिकतो, आणि त्या हशातच शिकणं होतं. फक्त एक पाहा: उत्तर देणारी भाषण देऊ लागली की थांबवा. आधी एक प्रश्न विचारायचा, मग एकच गोष्ट सांगायची. पुण्याचे डॉक्टर या वेळी मागे बसून ऐकू देत. त्यांना उपयोग होईल.

दुसरा विषय नवजात बाळाच्या गृहभेटींचा ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. हे वेळापत्रक ताईंना पाठ असतं. हात मात्र बसलेला नसतो. झोळीच्या काट्यावर वजन करताना आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणावा लागतो. एका ताईंचं हे राहून जायचं, आणि २४०० ग्रॅमचं बाळ कागदावर अडीच किलोच्या वर जायचं. म्हणजे जे बाळ कमी वजनाचं म्हणून जास्त जपायचं, तेच यादीतून सुटायचं. श्वास मोजणंही तसंच. पूर्ण मिनिटभर मोजायचा, ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेच आले तर बाळ लगेच दवाखान्यात. बाहुलीवर हे शिकवता येत नाही, बाहुली रडत नाही आणि हातपाय झाडत नाही. बाळंतिणीची परवानगी घेऊन दोघी-दोघींना खऱ्या घरात न्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना तयार करून घरातच बाळं वाचवून दाखवली, आणि आज आशाताई करतात त्या गृहभेटी त्याच कामातून आल्या. हे त्यांना जरूर सांगा. आपण कुठल्या कामाचा भाग आहोत हे कळलं की बाई ताठ बसते.

तिसरा, साप आणि विंचू. फुरसं चावलं की आमच्याकडे अजून दोरी आवळतात, कुठे कुठे ब्लेड मारतात. आवळू नका, कापू नका, हातपाय हलू देऊ नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, आणि सापाचं विष उतरवणारी लस आहे तिथे थेट न्या. लस कुठल्या दवाखान्यात आहे ते ताईला आधीच माहीत हवं. विंचवाचं औषध तर कोकणातच उभं राहिलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने माणसं वाचतात हे १९८० च्या दशकात दाखवलं. पण गोळीपर्यंत माणूस वेळेत पोचायला हवा. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की उतारा करणाऱ्याकडे थांबायचं नाही. उतारा करणाऱ्याची चेष्टा मात्र करू नका, ताईंनाही करू देऊ नका. आम्ही एका गावात त्यांनाच बैठकीला बोलावलं. त्यानंतर ते मंत्र घालत घालत रिक्षा मागवू लागले.

चौथा विषय वाडीनुसार ठरवा. दोडामार्ग, बांदा भागात माकडतापाचा घ्या. २०१६ पासून तिथे रुग्ण आहेत आणि गोचिडीतून होणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो. मेलेल्या माकडाला हात न लावता कळवायचं कुणाला, तो फोन नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये तिथेच घालून घ्या.

आता थोडं कडक लिहिते. ताईंना पगार नाही, थोडं मानधन आणि कामावर मोबदला आहे, आणि तेही उशिरा येतं. शिबिराला आल्या की त्यांचा दिवस बुडतो. येण्याजाण्याचे पैसे त्याच दिवशी हातात द्या. एका शिबिरात सही घेतली, फोटो काढला आणि पैसे पुढच्या वर्षी आले. पुढच्या शिबिराला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वाडीकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा आणि त्याच्या तासभर आधी संपवा.

दोन दिवसांऐवजी एक दिवस शिबिर घ्या आणि दुसऱ्या दिवसाचा खर्च महिन्याभराने वापरा. तुमच्यातलं एक माणूस प्रत्येक ताईबरोबर तीन घरं फिरू दे. चुका काढू नका, नुसतं बरोबर बसा आणि बाहेर आल्यावर वाटेत बोला.

शिबिर एप्रिलमध्ये ठेवा. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, लग्नं असतात. आणि जूनमध्ये मिरग सुरू झाला की तुमच्या २५ पैकी २० ताई स्वतःच चिखलात असतील. त्यांच्या गोळ्या त्यांनी खाल्ल्या का, तेही विचारा.