क्लाउडवर गेल्यावर सौद्याची तारीख एक दिवस मागे का पडते?

तुमचा प्रश्न असा: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी हळदीच्या सौद्यांचा प्रोग्रॅम जावा आणि मायएसक्यूएलमध्ये आहे. दुकानातल्या मशिनवर तो नीट चालायचा. क्लाउडवर नेल्यापासून सौद्याची तारीख एक दिवस आणि पट्टीची (सौद्याच्या हिशेबाच्या पावतीची) वेळ साडेपाच तास मागे दिसते.

साडेपाच तास म्हटल्यावर चोर सापडलाच. दुकानातलं मशिन भारतीय वेळेवर होतं, क्लाउडचं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे. जावाचा जुना डेट म्हणजे १९७० पासूनचे नुसते मिलिसेकंद. त्यातून दिवस काढताना जेव्हीएम (जावाचा प्रोग्रॅम ज्यावर चालतो ते) स्वतःचा टाइमझोन लावतो. मोबाइलवरून १५ मार्चचे रात्रीचे बारा आले, की यूटीसीत ते १४ मार्चचे १८:३० होतात. डेट कॉलममध्ये वेळ गळते, १४ तारीख उरते.

सौद्याची तारीख हा कॅलेंडरवरचा दिवस. तिला टाइमझोन नकोच. मोबाइलकडून वर्ष-महिना-दिवस असा मजकूर घ्या, त्याचा लोकलडेट (जावातला वेळ आणि टाइमझोन नसलेला नुसता दिवस) करा आणि सेटऑब्जेक्टने थेट डेट कॉलममध्ये घाला. जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) ४.२ पासून हे चालतं.

पट्टी फाडल्याची वेळ मात्र एक क्षण आहे. तिथे इन्स्टंट (जावातला नेमका क्षण) वापरा, साठवताना यूटीसीचा ऑफसेटडेटटाइम (यूटीसीपासूनच्या फरकासकट तारीख-वेळ) करून द्या, दाखवताना आशिया/कोलकाता लावा. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये कनेक्शनटाइमझोन यूटीसी ठेवा (ड्रायव्हर ८.०.२३ पासून, आधी त्याला सर्व्हरटाइमझोन म्हणत). कॉलम डेटटाइम असू द्या. टाइमस्टॅम्प या दुसऱ्या प्रकारच्या कॉलमची मुदत २०३८ च्या जानेवारीत संपते.

जेव्हीएमला यूझर.टाइमझोन या सेटिंगने भारतीय वेळ देऊन मोकळं व्हा, असंही कुणी सांगेल. आजचा बाजार निभेल, पण पुढच्या सर्व्हरवर ते द्यायचं राहिलं की पुन्हा तेच. शिवाय जावाच्या जुन्या टाइमझोन.गेटटाइमझोनला टाइमझोनचं नाव चुकीचं दिलं तर तो गुपचूप जीएमटी (यूटीसीइतकीच वेळ) देतो. नवा झोनआयडी.ऑफ निदान एरर तरी देतो.

जुना डेटा सुधारताना बॅकअप आधी. डेटटाइमला टाइमझोन आठवत नाही, म्हणून क्लाउडच्या *आधीच्या* पट्ट्यांतून ५:३० वजा करा. नंतरच्या यूटीसीतच आहेत. तारखांचं उलट: क्लाउडच्या *नंतरच्या*, मोबाइलवरून आलेल्या सौद्यांनाच एक दिवस जोडा. सरसकट अपडेट चालवलात तर दोन्हीकडचं बिघडेल. पाच-दहा ओळी कागदी पट्ट्यांशी पडताळूनच पुढे जा.