लिनक्सवर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसचा डीबग लॉग (सविस्तर नोंदी) टर्मिनलवरून कसा चालू करायचा?

सपोर्टवाल्यांनी ट्रेस, म्हणजे याच सविस्तर नोंदी, मागितल्यात ना? मग आधी `एमडीएटीपी लॉग लेव्हल सेट --लेव्हल डीबग` (सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, दुसऱ्या लेव्हलच्या आधी दोन डॅश) चालवा. आता तीच अडचण मुद्दाम पुन्हा घडवून आणा. हे बहुतेक जण विसरतात आणि निरुपयोगी लॉग पाठवतात. स्कॅन अडकत असेल तर तोच फोल्डर पुन्हा स्कॅन करा, घड्याळातली वेळ टिपून ठेवा. हजारो ओळींत नेमकी जागा त्यावरूनच सापडते. लगेच `सुडो एमडीएटीपी डायग्नोस्टिक क्रिएट` द्या, झिप फाइल तयार होते. पाठवण्याआधी ती उघडून बघा, आत फाइलींचे पाथ आणि युजरनेम असू शकतात.

काम झालं की पहिलीच कमांड पुन्हा चालवा, फक्त डीबगऐवजी इन्फो (नेहमीची पातळी). नाहीतर लॉग फुगत जातो.