‘डिझाईन शिकतोय, मग दहावीचे काय?’

“मॅडम, दहावी तोंडावर आली आहे आणि हा तासन् तास कॉम्प्युटरवर अक्षरे इकडून तिकडे हलवत बसतो. शाळेने तो विषय दिलाच कशाला?” इचलकरंजीहून आलेल्या एका आईने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात मी वेगवेगळ्या शब्दांत अनेक पालकांकडून ऐकला आहे. म्हणून, कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या मुलाची हकीकत येथे सांगत आहे.

मुलगा तेव्हा नववीच्या अखेरीस होता. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि आई घरी शिवणकाम करत असे. शाळेत नववीपासून ग्राफिक डिझाईनचा अभ्यासक्रम होता आणि त्यात तो रमला होता. आईची तक्रार त्या विषयाबद्दल होती. मला मात्र त्याच्या गणिताच्या वह्या पाहाव्याशा वाटल्या. जवळजवळ प्रत्येक पानावर खोडरबराने कागद विरला होता आणि कित्येक उदाहरणे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर सोडून दिली होती. विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “चुकणार असेल तर लिहायचे कशाला?” लहानपणी चित्र मनासारखे जमले नाही की तो कागद फाडून टाकत असे, हे आईने नंतर सांगितले. अडचण वेळेच्या वाटपाची नव्हती. आपली चूक डोळ्यांसमोर राहू देणे त्याला सोसत नव्हते.

पुढच्या भेटीला मी त्याला वर्गात केलेले एखादे काम, अगदी पहिल्या कच्च्या आराखड्यापासून, घेऊन यायला सांगितले. त्याने पाणी जपून वापरण्याविषयीच्या भित्तिपत्रकाचे पाच आराखडे आणले. पहिल्यात निळ्या पार्श्वभूमीवर जांभळी अक्षरे होती. शिक्षकांनी त्यावर काही न बोलता तो कागद व्हरांड्याच्या टोकाला टाचला आणि वर्गाला दुसऱ्या टोकाला उभे करून वाचायला सांगितले; कोणालाही वाचता आले नाही. दुसऱ्यात रंग सुधारले, पण ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुराच्या सवयीने ठेवल्यामुळे खालच्या ओळीतील वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीतील उकारांना जाऊन भिडत होते. तिसरा आराखडा छापून पाहिला, तेव्हा पडद्यावर चमकणारा निळा रंग कागदावर मळकट उतरला, कारण पडदा रंग प्रकाशातून दाखवतो आणि छपाई तो चार शाईंतून उभा करते. चौथ्यात कडेला कापणीसाठी जादा जागा सोडली नव्हती, त्यामुळे कापताना कडेचा एक शब्द अर्धवट कापला गेला. हे सगळे सांगताना तो न अडखळता, काहीशा अभिमानाने बोलत होता. पाचवा आराखडा शाळेच्या नळांजवळ लागला होता, पण त्याच्याविषयी तो फारसे बोललाही नाही.

मला वाटते, या विषयाचा खरा उपयोग येथे आहे. येथे पहिला आराखडा बदलण्यासाठीच असतो, शिक्षक “तुला येत नाही” असे न म्हणता “लांबून काय दिसते?” असे विचारतात आणि टीका कामावर होते, मुलावर होत नाही. याच शिक्षकांनी त्याला सांगितले होते की, संगणकावर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो ती ‘मंगल’ या देवनागरी फाँटची अक्षरे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखली आहेत. तेव्हापासून तो एसटीच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत प्रत्येक अक्षराचे वळण पाहत असे.

आता प्रश्न उरला होता तो हे धैर्य वहीत आणण्याचा. आम्ही ठरवले की गणिताच्या पानावर वर ‘आराखडा १’ असे लिहायचे, खोडरबर दप्तराबाहेर ठेवायचा, चुकलेली पायरी एका आडव्या रेघेने छेदायची आणि शेजारी ‘आराखडा २’ सोडवायचा. आईलाही मी एक विनंती केली: “ताई, किती बरोबर आले हे आधी विचारू नका, कुठे अडला ते विचारा.” पहिल्या घटक चाचणीत काहीच फरक पडला नाही आणि वडिलांनी तो विषय बंद करण्याचा आग्रह धरला. मी तो मानला नाही, कारण जेथे मूल चुकायला शिकत आहे ती जागा काढून घेतली, तर वहीतली भीती आणखी वाढेल असे मला वाटत होते. पण वेळापत्रक ठरवावे लागले. रोज संध्याकाळी आधी दीड तास अभ्यास आणि मगच संगणक, हे त्याने स्वतः लिहून भिंतीवर लावले. अर्थात, मांडणी त्याची होती.

पोटापाण्याच्या काळजीलाही सरळ उत्तर देणे मला आवश्यक वाटले. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीचा मार्ग आहे, आणि डिझाईनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेत असलेली ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. दोन्हीकडे चुरस आहे आणि दोन्हींसाठी दहावी-बारावी नीट पार पडावीच लागते. हे मुलासमोरच सांगितले, म्हणजे डिझाईन हा अभ्यासातून सुटण्याचा रस्ता नाही हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. तो पुढे डिझायनर होईलच, असे आश्वासन मी दिले नाही.

दहावीच्या सराव परीक्षेनंतर ते पुन्हा आले. बीजगणितात चाळीसपैकी तेवीस गुण होते. नववीत अकरा होते. आई गुणपत्रिका दाखवत असताना त्याने उत्तरपत्रिका टेबलावर पसरली. तिच्यात दोन ठिकाणी आडव्या रेघेने छेदलेल्या पायऱ्या जशाच्या तशा दिसत होत्या. तिसऱ्या एका उदाहरणावर बोट ठेवून तो म्हणाला, “मॅडम, इथे रीत बरोबर आहे, तरी गुण गेले. सरांना उद्या विचारू का?”