वाचकांचे प्रश्न : युद्धविरोधी काम गावात, तालुक्यात कसं उभं करायचं?

गेल्या अंकात शांतता गटांबद्दल लिहिल्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच सोयीसाठी गाळली आहेत.

युक्रेन, गाझा, सुदान असा विषय काढला की पारावरची माणसं म्हणतात, "तिकडच्या लढाईचं आपल्याला काय? इथं सोयाबीनला भाव नाही." काय सांगावं? (शिक्षक, उदगीर)

सोयाबीनपासूनच सुरू करा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि भाव ठरतो तिथे युद्धाचाही हात असतो.

कृषी सेवा केंद्रातून तीन खतांच्या पावत्या घ्या आणि बैठकीत समोर ठेवा. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण किंमत सरकारने बांधली आहे आणि वरचा खर्च अनुदानातून जातो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि वायूचा मोठा भाग बाहेरून येतो. त्यामुळे आखातात किंवा रशियात लढाई भडकली तर गोणीवरचा आकडा हलत नाही, पण ऐन पेरणीत माल कमी पडतो. पोटॅशचं तसं नाही. ते जवळजवळ सगळं आयात होतं आणि रशिया व बेलारूस हे मोठे पुरवठादार आहेत. 2022 मध्ये 50 किलोची गोणी 1,700 रुपयांपर्यंत गेली. ज्याने तेव्हा पोटॅश घेतलं त्याला दुसरं काही समजावावं लागत नाही.

दुसरी बाजूही लपवू नका. युक्रेनमधून सूर्यफूल तेल येणं थांबलं तेव्हा 2022 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सोयाबीन क्विंटलला सात हजारांवर गेलं होतं, आणि कुणीतरी बैठकीत ते बोलून दाखवणारच. त्याला उत्तर द्या : त्याच वर्षी 13 मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली, खत-डिझेल महागलं आणि चढा भाव टिकला नाही. चढ्या भावाचा फायदा ज्याच्याकडे माल साठवून ठेवायला जागा होती त्याला झाला. दिवाळीलाच माल विकून मोकळा झालेला दोन एकरवाला त्यात नव्हता. युद्धाची किंमत गावात सगळ्यांवर सारखी पडत नाही, ही चर्चा इथून सुरू होते.

आमच्या वस्तीला शांतता मोर्चाला बोलावतात ते गर्दीसाठी. भाषणं इतरांची, घोषणा आमच्या. यात आमचा प्रश्न कुठे आहे? (कार्यकर्ती, नांदेड)

तुमची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. अमेरिकेत ती आधी मांडली गेली, म्हणून तिथलं थोडं सांगतो.

जानेवारी 1966 मध्ये अलाबामात सॅमी यंग नावाच्या काळ्या तरुणाला पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली. गोऱ्यांसाठी राखीव स्वच्छतागृह वापरण्यावरून वाद झाला होता. तो नौदलात नोकरी करून आलेला होता. तीन दिवसांनी त्याच्या सोबत्यांच्या विद्यार्थी संघटनेने, एसएनसीसीने, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. ज्याला आपल्या गावात स्वच्छतागृहाचा हक्क नाही त्याला परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढायला पाठवता, हा त्यामागचा सवाल होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 4 एप्रिल 1967 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्ध, वर्णद्वेष आणि गरिबी एकत्र मांडली, तेव्हा त्यांचे अनेक हितचिंतकही नाराज झाले. "नागरी हक्कांपुरतं बोला" असा तो सल्ला होता. आपल्याकडे 1972 मध्ये दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, आणि त्या मूळ संघटनेचाही व्हिएतनाम युद्धाला विरोध होता. त्याही आधी, 1946 मध्ये, बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. नामांतरासाठी सोळा वर्षं झगडलेल्या प्रदेशात हा धागा बाहेरून आणावा लागत नाही.

आता व्यवहाराचं. बोलावणं आलं की चार गोष्टी विचारा. बैठक कुठे आहे? मंदिराच्या ओट्यावर किंवा कुणाच्या वाड्यात असेल तर काही माणसं बाहेर उभी राहतात. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायतीचं सभागृह, नाहीतर वस्तीतलं समाजमंदिर धरा आणि सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवा. विषयपत्रिका कोण लिहितं? ती लिहिण्याच्या बैठकीत वस्तीतली किमान दोन माणसं हवीत, त्यात एक बाई. पहिलं भाषण कुणाचं? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हा गट आमच्या कामाला येणार का? स्मशानभूमीचा रस्ता अडवला, टँकर वस्तीआधीच रिकामा झाला, तर निवेदनावर सही करून तहसीलला सोबत चालणार का? हे इतिवृत्तात लिहून घ्या. जो गट लिहून देत नाही त्याच्या मोर्चाला जाण्याची घाई करू नका.

मुस्लिम मोहल्ल्याबाबतही हेच. गाझासाठी फक्त त्यांनी यावं आणि बाकीच्यांनी बघत राहावं असं झालं की आठवड्यात त्याला धर्माचा रंग चढतो. अर्जावर आणि मंचावर पहिल्या दिवसापासून मिश्र नावं ठेवा.

हवामान बदल आणि युद्ध यांचा संबंध भाषणात ठासून सांगायचा आहे. मराठवाड्याचा दुष्काळ युद्धामुळे असं म्हणता येईल का? (विद्यार्थी, अंबाजोगाई)

नाही. तसं म्हणू नका. एक चुकीचं वाक्य पकडलं गेलं की उरलेलं भाषण कुणी ऐकत नाही.

जे ठामपणे म्हणता येतं ते पुरेसं आहे. अमेरिकेचं संरक्षण खातं ही जगात सर्वाधिक खनिज तेल वापरणारी संस्था आहे. हवामान बदलावरच्या 1997 च्या क्योटो कराराच्या वेळी सैन्याच्या परदेशी कारवायांतलं बरंचसं उत्सर्जन देशांच्या हिशोबातून वगळलं गेलं. 2015 च्या पॅरिस कराराने ही सूट पुढे चालवली नाही, पण आकडे द्यायचे की नाही हे देशांच्या मर्जीवर सोडलं. म्हणजे चुलीच्या धुराचा अंदाज जागतिक हिशोबात येतो आणि लढाऊ विमानाच्या धुराचा पूर्ण आकडा येत नाही. 1991 मध्ये माघार घेणाऱ्या इराकी फौजेने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची नोव्हेंबरमध्ये आटोक्यात आली.

किंमत कोण मोजतं, हे सांगायला मार्शल बेटांचं उदाहरण घ्या. 1946 ते 1958 मध्ये अमेरिकेने तिथे 67 अणुचाचण्या केल्या, माणसं बेटांवरून हलवली, आणि आज तीच सखल बेटं चढत्या समुद्राच्या तोंडी आहेत. आपल्या देशात झारखंडमधल्या जादुगोडाच्या युरेनियम खाणींभोवती आदिवासी वस्त्या आहेत. यानंतर 2016 वर या. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. दुष्काळात शहराला रेल्वे मिळते, आणि बीडमधला कोरडवाहू माणूस मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातो. कमी दोष असलेल्यावर जास्त भार पडतो, हे दोन्हीकडे सारखं आहे. संबंध एवढाच जोडा. तो भक्कम आहे.

गावातली पोरं पहाटे चारला भरतीसाठी धावतात. त्यांच्या घरच्यांना आमचं काम सैन्याविरुद्ध वाटतं. (शेतकरी, पाटोदा)

भरतीच्या मैदानाबाहेर पत्रकं वाटू नका. ज्या घरात दुसरी पगाराची वाट नाही तिथे ते झोंबतं, आणि झोंबायलाच हवं. सैनिक आणि युद्धाचा निर्णय या दोन गोष्टी प्रत्येक वेळी वेगळ्या बोला. माजी सैनिकाला बोलायला बोलवा. काय बोलायचं ते त्याला सांगू नका, तो जे म्हणेल ते ऐका. अग्निपथबद्दल माहिती मागितली तर साधी द्या : सेवा चार वर्षांची, त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम केलं जातं, बाकीच्यांना सेवानिधी (एकरकमी पैसे) मिळतो पण निवृत्तिवेतन नाही. त्यावर मत पोराने आणि त्याच्या आईबापाने बनवावं.

अशा कामाने कधी एखादं युद्ध थांबलंय का? (निवृत्त तलाठी, वसमत)

15 फेब्रुवारी 2003 रोजी जगातल्या शेकडो शहरांत लाखो माणसं इराक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली, आणि महिना-सव्वा महिन्यात युद्ध सुरू झालं. एका दिवसाचा मोर्चा कितीही मोठा असला तरी सरकार तो सोसून घेतं. दुसऱ्या दिवशी काय करायचं हे ठरलेलं नसेल तर माणसं घरी जातात.

टिकलेली कामं वेगळी दिसतात. झारखंडच्या नेतरहाट भागात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तोफांच्या सरावासाठी मोठं क्षेत्र अधिसूचित झालं, 245 गावं त्यात येत होती. मार्च 1994 मध्ये सैन्याची वाहनं आली तेव्हा हजारो आदिवासी वाटेत बसले, बाया पुढे. वाहनं परतली. त्यानंतर दरवर्षी 22-23 मार्चला ते जमत राहिले आणि ऑगस्ट 2022 मध्ये राज्य सरकारने अधिसूचनेला मुदतवाढ देणार नाही असं जाहीर केलं. मागणी एकच होती, जागा ठरलेली आणि तारीख ठरलेली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं. 1958 पासून तिथल्या नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आईने कार्ड भरायचं, दात पाकिटात टाकून पाठवायचा, मुलाला बिल्ला मिळायचा. तीन लाखांवर दात जमले. अणुचाचण्यांतून हवेत गेलेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 गवत, गाय आणि दूध या वाटेने मुलांच्या दातांत उतरलं होतं, हे त्यातून मोजता आलं. 1963 मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला त्यामागे या दातांचंही बळ होतं. जमिनीखालच्या चाचण्या मात्र चालू राहिल्या, हेही सांगा.

6 ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, तालुक्याच्या गावी पहिला कार्यक्रम करायचा आहे. तयारी कशी करावी? (महिला बचत गट, औंढा नागनाथ)

पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या : जागा, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांची नावं व फोन, ध्वनिक्षेपक आहे की नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. तोंडी "करा, काही हरकत नाही" हे कामाचं नाही. सणांच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे जमावबंदी आदेश निघतात, म्हणून दोन दिवस आधी पुन्हा चौकशी करा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरच्या आत ध्वनिक्षेपक चालत नाही.

वेळ दुपारी साडेचार ते सहा. कोळपणी-फवारणीचे दिवस असतात, बाया त्याआधी मोकळ्या होत नाहीत आणि मुक्कामी एसटी चुकली तर पुढच्या वेळी कुणी येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी आला तर उत्तम, पण मग बाजाराच्या कडेला थांबा, वाट अडवू नका.

फलक कापडाचा करा. मांजरपाट चार मीटर घ्या, म्हणजे बारा फुटी फलक आणि दोन्ही टोकांना बांबूसाठी सहा इंची नेफा निघतो. पोस्टर रंग ऑगस्टच्या भुरभुरीत ओघळतो, म्हणून ऑइल पेंट वापरा. दमट हवेत तो वाळायला दोन दिवस लागतात. आदल्या रात्री रंगवून घडी घातली की अक्षरं एकमेकांना चिकटतात, हे हमखास होतं. तीस फुटांवरून वाचायला अक्षराचं अंग पाच इंच ठेवा आणि दोन ओळींत जास्तीत जास्त सहा-सात शब्द. वेलांटी-रफाराला वर चार इंच मोकळी जागा सोडा, नाहीतर दोन ओळी एकमेकींत घुसतात.

पत्रक ए-4 कागदाच्या अर्ध्यावर, अडीचशे शब्दांच्या आत. खाली प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव. फोटो टाकायचा असेल तर तो आधी कुठे छापलाय हे इंटरनेटवर फोटोवरूनच शोधून (रिव्हर्स इमेज सर्च) बघा. एका युद्धाचे जुने फोटो दुसऱ्याच्या नावाने फिरतात, आणि असा एक फोटो निघाला की विरोधकांना बाकी काही लागत नाही.

भाषणं तीनच, प्रत्येकी सात मिनिटं. कुठल्याही पक्षाचा झेंडा, गमछा नको. हे आधी सांगायचं, वेळेवर नाही. देशाच्या नावाने शिवीगाळ करणारा कुणी आला तर माइकवरून उत्तर देऊ नका. दोन मोठ्या बाया त्याच्याशी बाजूला बोलायला नेमून ठेवा आणि एकाने फक्त व्हिडिओ चित्रण करावं. शेवटी पुढच्या बैठकीची तारीख, जागा जाहीर करा आणि वहीत नावं घ्या. ज्यांना फोन नंबर द्यायचा नाही त्यांना आग्रह नको.

परदेशातला नातलग पैसे देऊ म्हणतो. घ्यावेत का? (परळी)

तो परदेशी नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, घेऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना ती देणगी बेकायदा ठरते. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं, पासपोर्टची प्रत फायलीत ठेवा. पण असल्या कामाला गावातले दहा-दहा रुपये बरे. पावती पुस्तक, दोन सह्या आणि दर महिन्याला फळ्यावर हिशोब.

ग्रामसभेत युद्धविरोधी ठराव घेता येतो का? (ग्रामपंचायत सदस्य, भूम)

घेता येतो. त्याचं बंधन कुणावर नसतं, पण विषय गावाच्या नोंदीत जातो. ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे विषय लेखी द्या आणि पोच घ्या. "ऐनवेळचे विषय" यात टाकला तर अंधार पडल्यावर, निम्मी माणसं गेल्यावर निघतो. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी ती. ठराव एका पानाचा करा : अण्वस्त्रबंदी कराराला पाठिंबा (हा करार 22 जानेवारी 2021 पासून लागू आहे, भारताने सही केलेली नाही), आणि त्याच पानावर गावाची आपली मागणी, उदाहरणार्थ टंचाईत टँकरचा पहिला थांबा वस्तीत. दुसरी मागणी नसेल तर पहिलीला हात वर होत नाहीत. महिन्याभरात इतिवृत्ताची नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, नक्कल दोन रुपये पानाप्रमाणे मिळते.