दीनदयाळ योजनेचे दर वाढवून घ्यायला मंत्र्यांना भेटावं की लॉबिंगसाठी माणूस ठेवावा?

तुम्ही लिहिलंय: फोंडा-मडगाव भागातली सहा छोटी खासगी इस्पितळं, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेची पॅकेजं (प्रत्येक उपचाराचे सरकारने ठरवलेले दर) परवडत नाहीत, बिलंही थकतात, आता मंत्र्यांना भेटावं की "पर्वरीत", म्हणजे सचिवालयात, "ओळखी असलेला" एखादा माणूस ठेवावा?

दोन्ही नंतर, आधी कागद. गोवा एवढासा, मंत्री आरतीलाही भेटतो नि लग्नातही, "बघूया" म्हणतो आणि आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. मांडवातलं आश्वासन आवक नोंदवहीत चढत नाही. तुमची फाइल कांपालच्या आरोग्य संचालनालयातून सचिवालयात आरोग्य सचिवांकडे आणि तिथून वित्त खात्याकडे जाते. अडते ती बहुतेकदा वित्त खात्यात, कारण आरोग्य खात्याला तुमचं दुखणं कळतं, पण पैशाचा बोजा किती हे निवेदनात कोणी लिहिलेलंच नसतं. म्हणून निवेदन मंत्र्यांच्या नावे असलं तरी वित्त खात्यातल्या अवर सचिवाला समोर ठेवून लिहा. मराठीत द्यायला हरकत नाही. फाइलवरची टिपणी मात्र इंग्रजीत होते, तेव्हा आकड्यांचा तक्ता इंग्रजीतही जोडा, म्हणजे तो जसाच्या तसा टिपणीत उतरतो.

सगळ्या पॅकेजांवर रडू नका. सहाही इस्पितळांत मिळून सर्वांत जास्त होणाऱ्या पाच-सहा प्रक्रिया घ्या आणि प्रत्येकीचा खरा खर्च काढा. ऑपरेशन थिएटरचा महिन्याचा खर्च (पगार, वीज, निर्जंतुकीकरण, देखभाल, घसारा) सहा लाख आणि प्रत्यक्ष वापर 200 तास, म्हणजे 12,000 मिनिटं असेल, तर मिनिटाला 50 रुपये पडले. दीड तासाच्या शस्त्रक्रियेला 4,500. त्यावर भूल, औषधं, इम्प्लांट, खाटेचे दिवस, जैववैद्यकीय कचऱ्याची फी. इथे दोन चुका हमखास होतात. एक, इम्प्लांट एमआरपीने धरणं. हृदयाच्या स्टेंटवर आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर 2017 पासून केंद्राची कमाल किंमत आहे. अधिकारी ती उघडून बघतो आणि मग तुमचे बाकीचे आकडेही संशयात जातात. खरेदीचं बिलच जोडा. दुसरी, थिएटर रिकामं राहिल्याचा खर्च सरकारच्या माथी मारणं. 200 तासांऐवजी 300 तास वापर शक्य असेल, तर तोच दर सुमारे 33 रुपयांवर येतो. हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच, उत्तर तयार ठेवा.

मग बोजा: गेल्या वर्षी झालेल्या केसेस गुणिले मागितलेली वाढ. हा आकडा पहिल्याच पानावर लिहा, लपवू नका. निवेदन दोन पानांचं, बाकी सगळं परिशिष्टात. आणि नुसतं "दर वाढवावेत" नको. कोणत्या आदेशातल्या कोणत्या कोष्टकात कोणता आकडा बदलायचा ते शब्दशः लिहून द्या.

थकबाकी या निवेदनात घुसडू नका, वेगळं पत्र द्या. तीन ढीग करा: कागद अपुरे म्हणून शंका काढलेली बिलं, मंजूर होऊन पैसे न आलेली, आणि अजून तपासलीच नसलेली. प्रत्येकाचं वय 30, 60, 90 दिवसांच्या टप्प्यांत. सरसकट एकच रक्कम मागितली की "तुमचीच कागदपत्रं अपुरी" हे उत्तर ठरलेलं. खरं भांडण दुसऱ्या ढिगाचं आहे.

खोल्यांवरचा जीएसटीही इथे आणू नका. आयसीयू सोडून दिवसाला 5,000 रुपयांवरच्या खोलीला जुलै 2022 पासून लागलेला 5 टक्के कर हा जीएसटी परिषदेचा विषय. आरोग्य सचिव त्यात काहीच करू शकत नाहीत. इस्पितळं हा राज्यसूचीतला विषय असला तरी प्रत्येक खर्च राज्याच्या हातात नसतो.

वेळेचं म्हणाल तर खर्चाची तरतूद अर्थसंकल्पाच्या कित्येक महिने आधी ठरू लागते. सप्टेंबरपर्यंत कागद आत गेला पाहिजे. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाचं समजा. अधिवेशनाआधी स्थानिक आमदाराला तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) लिहून द्या. चाळीसांच्या सभागृहात आमदारापर्यंत पोचणं अवघड नाही. मात्र प्रश्न आकडा मागणारा हवा: "मंजूर पण न चुकवलेली बिलं किती, किती दिवसांची?" टीका करणारा प्रश्न खात्याला बचावात ढकलतो, आकडा मागणारा प्रश्न संचालनालयाला हिशेब करायला लावतो.

आता त्या माणसाबद्दल. आपल्याकडे लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही, पण म्हणून सगळं चालतं असंही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये कलम 7अ आलं: वैयक्तिक वजन वापरून सरकारी नोकराकडून काम करवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्याला तीन ते सात वर्षं कैद. आणि कोणी तुमच्या इस्पितळाच्या फायद्यासाठी लाच दिली तर कलम 9 खाली संस्थेला दंड होऊ शकतो. "काम झालं तर इतके टक्के" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. खर्चाचा अभ्यास आणि मसुदा करून देणारा सल्लागार ठरावीक फीवर, लेखी कराराने ठेवायला अडचण नाही.

एक धोका छोट्या इस्पितळांच्या लक्षात येत नाही. सहाजणांनी मिळून दरवाढ मागणं ठीक. पण आपसांत दर ठरवणं, किंवा "सगळ्यांनी मिळून योजनेचे रुग्ण घ्यायचे नाहीत" असा ठराव करणं हे स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये अडकू शकतं. बैठकीच्या इतिवृत्तात असं वाक्य चुकूनही नको. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच.

निवेदन दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घ्या, तीन आठवड्यांनी फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाकू नका. तो नोटिशीसारखा वाटतो. दोन-तीन महिने हालचाल नसेल तर टिपण्यांसह फाइलची प्रत मागा. मग अडकण कुठे ते कळतं.

आदेश निघालाच तर पेढे वाटण्याआधी लागू होण्याची तारीख वाचा. नवा दर रुग्ण दाखल होण्याच्या तारखेला लागतो, पूर्वमंजुरीच्या की डिस्चार्जच्या, हे आदेशात स्पष्ट नसेल तर मधल्या सगळ्या केसेसची बिलं जुन्या दराने कापली जातात. मसुद्यात तेवढी एक ओळ तुम्हीच आधी घालून ठेवा.